नाताळचा हॅम स्मोकरवर: आधी फॉइल आणा

वेष्टनावर 'फुली कुक्ड' लिहिलंय ना? मग हॅम (डुकराची मुरवलेली मांडी) शिजलेलाच आहे, फक्त स्मोकरवर, म्हणजे लाकडाच्या धुराच्या भट्टीवर, गरम करायचाय. गोठलेला असेल तर चार-पाच पौंडांना फ्रिजमध्ये एक दिवस धरा. दहा पौंडी हॅम २५ तारखेला हवा, तर २२च्या रात्रीच फ्रीझरमधून काढून फ्रिजमध्ये ठेवा.

आता फॉइल. जाड, रुंद आणि नवा रोल. ड्रॉवरमधल्या उरल्यासुरल्या तुकड्यावर भिस्त ठेवू नका. नाताळच्या दिवशी अमेरिकेत बहुतेक दुकानं बंद असतात. हे मला गेल्या वर्षी भर दुपारी कळलं, फॉइलविना हॅम कोरडा पडला, आणि पाहुण्यांनी तो पाण्याच्या घोटाबरोबर गिळला. तेव्हा यादीत फॉइल पहिली.

स्पायरल हॅमला आधीच काप दिलेले असतात आणि प्रत्येक फटीतून ओल उडून जाते. म्हणून कापलेली बाजू खाली करून ॲल्युमिनियमच्या खोल ट्रेमध्ये ठेवा, तळाला कपभर सफरचंदाचा रस. हाडाच्या टोकाला कधी कधी प्लास्टिकची चकती चिकटलेली असते. दिसत नाही, पण वितळते. काढा.

लाकूड सफरचंदाचं किंवा चेरीचं. बहुतेक हॅमना कारखान्यातच धूर दिलेला असतो, वर हिकरीच्या लाकडाच्या उग्र धुराचा मारा केलात तर कडवट लागेल. स्मोकर २२५ ते २५० अंश फॅरनहाइटवर. पहिला तासभर ट्रे उघडा ठेवा, एवढा धूर पुष्कळ झाला. मग फॉइल. ट्रेच्या चारही कडांवर दाबून, घट्ट. कुठून वाफ निसटताना दिसली तर वरून दुसरा थर. सैल लावायची असेल तर लावूच नका! पौंडाला एकूण १५ ते २० मिनिटं धरा, कडाक्याच्या थंडीत जास्तच. आणि झाकण उघडून येणाऱ्या-जाणाऱ्याला हॅम दाखवत बसू नका.

घड्याळापेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवा. सळई मधोमध, हाडाला न टेकवता. कंपनीच्या सीलबंद पाकिटातला असेल तर १४० अंश पुरे. दुकानाने पुन्हा बांधून दिलेला किंवा आधीचा उरलेला असेल तर १६५. या आकड्याला वीसेक अंश कमी असताना फॉइल काढून ग्लेझ (वरून द्यायचा गोड लेप) लावा. आधी लावलंत तर साखर करपते. आकडा आला की लगेच उतरवा, पुन्हा फॉइल, १५ मिनिटं थांबा, वाढा.

उरलेला फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवा. हाड सूपला.