डाउनटाउन कमिशन: ऑस्टिनला प्लॅनिंग शिकायला येणाऱ्यांसाठी

अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या विद्यापीठात कम्युनिटी अँड रीजनल प्लॅनिंगला (म्हणजे नगर नियोजनाला) प्रवेश मिळाला की आपली मराठी मुलं मला घर, लोन, इंटर्नशिप याबद्दल विचारतात. ती माहिती आता कुठेही मिळते. मी त्यांना एक वेगळंच काम सांगते: पहिल्याच सेमिस्टरपासून, महिन्यातली एक संध्याकाळ काढून सिटी हॉलमध्ये डाउनटाउन कमिशनची, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती भागाबद्दल सल्ला देणाऱ्या मंडळाची, बैठक बघायला जा. विद्यापीठाच्या ओळखपत्रावर बस फुकट आहे, बैठकही फुकट आहे, आणि वर्गात 'पब्लिक पार्टिसिपेशन' म्हणून जे शिकवतात ते प्रत्यक्षात कसं चालतं हे तिथे दिसतं.

पण जायच्या आधी ते आहे काय, हे समजून घ्या. नाहीतर दोन तास बसून 'हे लोक नुसतेच बोलतात' एवढं मत घेऊन बाहेर पडाल. खूपजण असेच बाहेर पडतात.

ऑस्टिनचं डाउनटाउन म्हणजे साधारणपणे पूर्वेला आय-35 महामार्ग, पश्चिमेला लमार, उत्तरेला मार्टिन ल्यूथर किंग बुलेव्हार्ड आणि दक्षिणेला लेडी बर्ड लेक यांच्या मधला भाग. 1839 साली एडविन वॉलर यांनी आखलेल्या चौकटीतच हा भाग अजून उभा आहे: मधोमध काँग्रेस अव्हेन्यू, आणि चार बाजूंना चार चौक (सार्वजनिक मोकळी मैदानं) योजलेले. त्यातले तीन आज मोकळे आहेत. एवढ्या जागेत राज्याचं कॅपिटल (विधानभवन), सिक्स्थ स्ट्रीटचे बार, कोट्यवधी डॉलरचे टॉवर आणि रस्त्यावर झोपणारी माणसं हे सगळं एकत्र आहे. त्यामुळे इथल्या कुठल्याही प्रश्नाला एकच खातं पुरत नाही. हे कमिशन आहे ते याचसाठी. डाउनटाउनवर परिणाम करणाऱ्या धोरणांबद्दल आणि प्रकल्पांबद्दल त्यानं सिटी कौन्सिलला आणि प्रशासनाला सल्ला द्यायचा.

सदस्य येतात दोन वाटांनी. ऑस्टिनमध्ये 2012 साली मतदारांनी '10-1' पद्धत मंजूर केली आणि 2015 पासून दहा वॉर्डांतले दहा कौन्सिल सदस्य आणि सगळ्या शहरातून निवडलेला महापौर असं कौन्सिल आलं. या अकरा जणांपैकी प्रत्येक जण एकेक नाव सुचवतो आणि कौन्सिल त्यावर शिक्कामोर्तब करतं. दुसरी वाट जास्त रंजक आहे. शहराच्या इतर मंडळांमधून, म्हणजे प्लॅनिंग, डिझाइन, ऐतिहासिक वास्तू, उद्यानं, वाहतूक, कला आणि संगीत या मंडळांमधून, एकेक प्रतिनिधी इथे येऊन बसतो. हो, संगीत. ऑस्टिन स्वतःला लाइव्ह म्युझिकची राजधानी म्हणवतं आणि डाउनटाउनमधल्या छोट्या क्लबांना भाडं परवडेनासं झालंय, तेव्हा संगीत मंडळाचा माणूस तिथे हवाच.

माझ्या मते या रचनेतलं खरं शहाणपण या दुसऱ्या वाटेत आहे. वॉर्डातून आलेला सदस्य आपल्या कौन्सिल सदस्याचा कल ओळखून बोलतो. उद्यान मंडळाचा माणूस मात्र मागच्याच आठवड्यात रिपब्लिक स्क्वेअरच्या (वरच्या चौकांपैकी एकाच्या) देखभालीवर तासभर वाद घालून आलेला असतो. तो जे विचारतो ते वहीत उतरवून घ्यावं असं असतं.

कार्यकाल चार वर्षांचा आणि सलग आठ वर्षांची मर्यादा. मानधन नाही. लागोपाठ तीन नियमित बैठकांना गैरहजर राहिलात, किंवा बारा महिन्यांत एक तृतीयांश बैठका चुकवल्यात, तर जागा आपोआप जाते.

आता अधिकार. डाउनटाउन कमिशनला कुठलाही अंतिम अधिकार नाही. ते ना परवानगी देऊ शकतं, ना कुणाचा टॉवर अडवू शकतं. नवीन मुलं इथेच गोंधळतात, म्हणून जरा उलगडून सांगते. झोनिंग (कुठल्या जागेवर काय बांधता येतं ते) बदलायचं असेल तर प्रकरण प्लॅनिंग कमिशनकडून कौन्सिलकडे जातं. जुनी वास्तू पाडायची असेल तर ऐतिहासिक वास्तू मंडळाकडे. डाउनटाउनच्या मध्यवर्ती व्यापारी झोनमध्ये बांधकामाला एक मूळ मर्यादा असते; बराच काळ ती एफएआर (आपल्याकडचा एफएसआय) 8 अशी होती. मर्यादेच्या वर चढायचं तर डेन्सिटी बोनस (अटींवर मिळणारं जादा बांधकाम) घ्यावा लागतो, आणि त्याच्या पहिल्या उंबरठ्यावर रुंद सावलीचे फुटपाथ, दोन तारांकित हरित इमारतीचा दर्जा आणि शहराच्या नागरी रचनेच्या मार्गदर्शक तत्त्वांचं पालन मागतात. त्या पालनाबद्दलचा सल्ला डिझाइन कमिशन देतं. शिवाय कॅपिटलच्या घुमटाची दृश्यं राखणारे 'व्ह्यू कॉरिडॉर' कायद्यानंच आखलेले आहेत, त्यात कुठलंच मंडळ फेरफार करत नाही. म्हणजे एखाद्या टॉवरची उंची डाउनटाउन कमिशनमध्ये ठरेल असं समजून गेलात तर चुकीच्या खोलीत बसाल.

मग या खोलीत ठरतं काय? शब्द ठरतात. आणि कोणत्या खात्यानं, कोणत्या वर्षी, कुठल्या पैशातून काय करावं, याची पहिली सार्वजनिक नोंद इथे होते.

एक उदाहरण देते. डाउनटाउनमधल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांवर चर्चा चालली होती. एका सदस्यानं ठराव मांडला, आशय एवढाच की स्वच्छतागृहं वाढवावीत. सगळे माना डोलावत होते. दुसऱ्यानं विचारलं, रात्री दोन वाजता बार बंद झाल्यावर ती धुणार कोण? उद्यान खातं म्हणेल फुटपाथ आमचा नाही, वाहतूक खातं म्हणेल नळ आमचा नाही. पुढचा बराच वेळ त्यांनी फक्त हेच लिहून काढलं: कुठल्या खात्यानं, कुठल्या ठिकाणांपासून सुरुवात करून, देखभालीचा खर्च कुठे दाखवून. ठराव मूळच्या दुप्पट लांब झाला आणि ऐकायला नीरसही झाला. पण तो कौन्सिल सदस्याच्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्याच्या हातात पडला तर त्याला त्याचं काहीतरी करता येईल असा झाला. पहिला ठराव वाचून त्यानं फक्त 'छान' म्हटलं असतं.

या शिफारशींचा ठरलेला साचा असतो. वर बैठकीची तारीख आणि विषयाचा क्रमांक जोडून तयार केलेला नंबर, मग 'ज्याअर्थी... ज्याअर्थी...', मग 'म्हणून असा ठराव करण्यात येतो की', शेवटी बाजूनं कोण, विरोधात कोण, गैरहजर कोण. पाच-सहा जुन्या शिफारशी उतरवून घ्या आणि 'ज्याअर्थी' झाकून फक्त शेवटचा परिच्छेद वाचा. मुलाखतीत 'पॉलिसी मेमो लिहिता येतो का' असं विचारतात, त्याची तयारी यातून फार चांगली होते.

मतदानाचा एक नियम लक्षात ठेवा, कारण वर्तमानपत्रांत त्यावरून उगीच गोंधळ होतो. ठराव मंजूर व्हायला हजर असलेल्यांचं बहुमत पुरत नाही. कोरमला जेवढे सदस्य लागतात तेवढीच मतं बाजूनं पडावी लागतात. मंडळ मोठं, काही जागा रिकाम्या, दोघं आजारी, एक तटस्थ, अशा संध्याकाळी उघड विरोध कुणाचाच नसतानाही ठराव पडतो. मुरलेला अध्यक्ष अशा दिवशी महत्त्वाचा विषय पुढे ढकलतो. खोलीत डोकी मोजत बसलेली व्यक्ती दिसली तर ती बहुधा स्टाफ लिएझॉन, म्हणजे शहराच्या नोकरीतली, मंडळाचं कामकाज सांभाळणारी व्यक्ती असते. तिच्याशी ओळख करून घ्या. ती सदस्य नसते, तिला मत नसतं, पण अजेंडा, सादरीकरणाचे कागद, कुणाला कधी बोलवायचं हे सगळं तिच्या हातून जातं.

सदस्यांच्या हजेरीपटाचंही सांगते. त्यावर सही करणं म्हणजे नुसती हजेरी नाही, त्या दिवशीच्या विषयांत आपले हितसंबंध गुंतलेले नाहीत असं सांगणंही असतं. गुंतलेले असतील तर तो विषय तिथे नमूद करायचा. खोलीत बसूनही सही राहिली तर माणूस गैरहजर धरतात. सदस्यांनी कामकाजाचा पत्रव्यवहार शहरानं दिलेल्या ईमेलवरून करायचा असतो, कारण टेक्सासच्या माहिती कायद्याखाली तो कुणीही मागू शकतो. आपल्याकडे माहितीच्या अधिकाराचे अर्ज करून बोटं झिजलेल्यांना हे वाचून जरा हेवा वाटेल.

आता बोलण्याबद्दल. विषयपत्रिकेवर नसलेल्या गोष्टीबद्दल बोलायचं तर बैठक सुरू होण्याआधी नाव नोंदवायचं, पहिल्या दहा जणांना प्रत्येकी तीन मिनिटं मिळतात. फोनवरून बोलायचं असेल तर आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत लिएझॉनला कळवावं लागतं. नागरिकत्व किंवा व्हिसा कुणी विचारत नाही.

या तीन मिनिटांत एक प्रकार नेहमी घडतो आणि नवख्यांना तो फार लागतो. एकदा एक वयस्क गृहस्थ आपल्या इमारतीसमोरच्या दिव्यांबद्दल बोलले. कळकळीनं बोलले, फोटो आणले होते. घंटी वाजली. अध्यक्षांनी आभार मानले आणि पुढचं नाव पुकारलं. समोरचे सगळे गप्प. ते गृहस्थ क्षणभर माइकपाशी तसेच उभे राहिले, मग फोटो पिशवीत घालून तडक बाहेर गेले. माझ्या शेजारी बसलेली पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी हळूच म्हणाली, 'किती उद्धट आहेत हे!' ते उद्धट नव्हते. टेक्सासच्या ओपन मीटिंग्ज कायद्याप्रमाणे जो विषय आधी जाहीर केलेला नाही त्यावर चर्चा करता येत नाही. फार तर माहितीपुरतं उत्तर द्यायचं किंवा विषय पुढच्या अजेंड्यावर घ्या म्हणायचं. विषयपत्रिकेची जाहीर सूचना आधी 72 तास लावावी लागे, सप्टेंबर 2025 पासून ती कामकाजाचे तीन दिवस आधी लावावी लागते. म्हणून प्रश्न खरंच सोडवायचा असेल तर आधी एखाद्या सदस्याला किंवा लिएझॉनला लिहा, विषय अजेंड्यावर आणा आणि मग बोलायला या. त्या दिवशी तेच तोंडं उघडतील, तुम्हाला उलट प्रश्नही विचारतील.

बोलताना 'रिस्पेक्टेड सर' नको. 'चेअर, कमिशनर्स' म्हणा, नाव सांगा, डाउनटाउनशी तुमचा संबंध काय ते एका वाक्यात सांगा (मी इथून रोज सायकलनं जाते, एवढंही पुरतं), आणि दोन मिनिटांचंच लिहून न्या. आपलं इंग्रजी घाईत भरधाव सुटतं, मग समोरच्याला निम्मं कळतं. गाडीनं गेलात तर सिटी हॉलच्या तळघरात लावा, बोलणाऱ्यांना तिकिटावर शिक्का मारून देतात.

वेळेचं गणित वर्गात कुणी शिकवत नाही, म्हणून यावर थोडी रेंगाळते. शहराचं आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं आणि कौन्सिल ऑगस्टमध्ये अंदाजपत्रक मंजूर करतं. त्यामुळे मंडळांच्या अंदाजपत्रकाबद्दलच्या शिफारशी मार्चअखेरपर्यंत मागवतात. म्हणजे जानेवारी ते मार्च या बैठका सगळ्यात भरीव. जुलैमध्ये कुणी पैशाची मागणी घेऊन आलं की सदस्य सभ्यपणे ऐकतात, पण तोवर आकडे बसलेले असतात. माझ्या पहिल्या नोकरीत, एका छोट्या सल्लागार संस्थेत, ग्राहकाला प्रकल्पाचं वेळापत्रक करून देताना हेच एक ज्ञान माझ्या सगळ्यात कामी आलं. तांत्रिक काम बाकीच्यांनाही येत होतं.

महाराष्ट्रातून आलेल्यांना हे सगळं चमत्कारिक वाटणं साहजिक आहे. आपल्याकडे विकास आराखडा निघाला की हरकती-सूचना मागवतात, त्यांची सुनावणी नियोजन समिती घेते, तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि राज्य सरकारनं नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. तिथे बोलण्याला कायद्याचं वजन आहे, पण आराखडा वीस वर्षांतून एकदा येतो आणि सुनावणीत नंबर लागला तर काही मिनिटं मिळतात. मधल्या काळात लक्ष्मी रोडच्या फुटपाथबद्दल दर महिन्याला, नोंद ठेवून, भांडायला अशी ठरलेली जागा नाही. इथे वजन हलकं, पण जागा कायमची. कुठलं बरं, यावर माझं मत दर दोन वर्षांनी बदलतं. ऑस्टिनचा 2011 चा डाउनटाउन आराखडा आणि आय-35 वर झाकण घालून वर मोकळी जागा करण्याचा वाद या दोन्ही गोष्टींचे कागद क्रमानं वाचून तुम्हीच ठरवा. महामार्ग राज्याच्या वाहतूक खात्याचा, झाकणाचा खर्च मात्र शहराच्या गळ्यात. सल्लागार मंडळाच्या मर्यादा याच्याइतक्या स्वच्छ दुसरीकडे दिसणार नाहीत.

आणखी एक गल्लत टाळा. डाउनटाउन ऑस्टिन अलायन्स नावाची संस्था 1993 पासून आहे. ती शहराचं मंडळ नाही. डाउनटाउनमधल्या पाच लाख डॉलरहून जास्त मूल्याच्या मालमत्तांवर बसवलेल्या विशेष आकारणीतून तिला पैसा मिळतो, आणि त्यातून साफसफाई, सुरक्षा, अभ्यास वगैरे चालतं. कमिशनकडे शहराचा अधिकृत दर्जा आहे पण पैसा नाही, अलायन्सकडे पैसा आणि पगारी माणसं आहेत. इंटर्नशिप हवी तर अर्थातच पगार असलेल्या दारावर जा. पण मुलाखतीत या दोघांची सरमिसळ केलीत तर तिथेच कळतं की तुम्ही शहर वाचलेलं नाही.

पुढे कधी सदस्य व्हावंसं वाटलं तर अर्ज सिटी क्लार्ककडे कधीही करता येतो. शहराचे रहिवासी असावं लागतं, शहराच्या नोकरीत नसावं लागतं. नुसता अर्ज टाकून मात्र काही होत नाही. तुमच्या वॉर्डाच्या कौन्सिल सदस्याच्या कार्यालयात जाऊन भेटा, कारण नाव तिथून सुचवलं जातं. आणि लॉबिस्ट (ग्राहकाच्या वतीनं शहराच्या निर्णयांवर प्रभाव टाकण्याचं काम करणारे) म्हणून नोंदणी असलेल्यांना मंडळावर बसता येत नाही. सल्लागार कंपन्यांत काही पदांवर ही नोंदणी करावी लागते, तेव्हा नोकरीचं पत्र हातात आलं की सही करण्याआधी एवढं विचारून घ्या.