गारपिटीनंतर पत्र्याचं शेड तपासताना या चुका टाळा

2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यातली माणसं अजून विसरलेली नाहीत. 2023 च्या नोव्हेंबरअखेरीसही अवकाळीनं असंच गाठलं. अशा वेळी सगळ्यांचा जीव उभ्या ज्वारीत आणि हरभऱ्यात अडकलेला असतो, ते साहजिक आहे. दारातल्या गाडीच्या शेडकडे, गोठ्यावरच्या पत्र्यांकडे एकदा वर बघायचं, 'उडालं नाही ना, मग झालं' म्हणायचं आणि कामाला लागायचं. पहिली चूक इथेच होते. हिवाळी वादळात सैल झालेलं शेड उडतं ते वैशाखातल्या वळवाच्या वाऱ्यात. मधे मिळणारे महिने दुरुस्तीचे असतात.

वारा थांबला रे थांबला की शिडी लावायची, ही दुसरी चूक. विजेच्या खांबावरून घरात येणारी किंवा घरातून शेडकडे नेलेली वायर पत्र्याला घासून सोलली असेल तर अख्ख्या लोखंडी सांगाड्यात करंट उतरतो, आणि शेड ओलं असतं. आधी मेन स्विच बंद करा. पण सोललेली, तुटलेली किंवा लोंबणारी वायर महावितरणच्या बाजूची, म्हणजे खांबापासून मीटरपर्यंतची असेल, तर मेन स्विच पाडून उपयोग नाही. तिथे जनावरं-पोरं फिरकू देऊ नका आणि 1912 वर फोन करा. सिमेंटच्या पत्र्यावर तर कोणीच पाय देऊ नये. गारांनी तडकलेला पत्रा वरून धड दिसतो आणि पाय पडताच फुटतो.

आता दगडांचं. गावोगाव पत्र्यावर दगड, जुने टायर, वाळूची पोती ठेवलेली दिसतात. वादळ झालं की सैल झालेल्या पत्र्यावर आणखी दोन दगड चढतात. हे कृपा करून करू नका. उघड्या शेडमध्ये वारा खालून शिरून पत्रा वर ढकलतो, आणि वरून जाणारा वारा तोच पत्रा वर ओढतो. ताशी 80 किमी वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण 30 किलो भरतो. म्हणजे दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्र्यावर शंभर किलोच्या आसपास उचल येऊ शकते. पत्रा स्वतः पंधरा-सोळा किलोचा, त्यावर दहा किलोचा दगड कितीसा पुरणार? बांधकामाच्या भारतीय मानकात छत्रपती संभाजीनगरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 140 किमी धरलेला आहे. त्या वेगाला हीच उचल तिपटीनं वाढते. पत्रा उडतो आणि दगड खाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर येतो. मराठवाड्यात अशी माणसं गेलेली आहेत. पत्रा धरायचं काम स्क्रूचं आणि जे-हुकाचं (पत्रा खालच्या पाईपला आवळणाऱ्या वाकड्या बोल्टचं) आहे.

म्हणून तपासणी खांबाच्या बुडापासून सुरू करा, पत्र्यापासून नाही. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसून भेगाळते. दीड फूट खड्ड्यात थोडंसं काँक्रीट ओतून उभा केलेला पाईप या फुगण्या-आक्रसण्यात ढिला होतो. पाऊस पडल्यावर भेग मिटते, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी बघाल तर सगळं घट्ट वाटेल. आठ-दहा दिवस ऊन खाऊ द्या. मग एकानं खांब छातीच्या उंचीवर धरून दोन्ही बाजूंना हलवायचा आणि दुसऱ्यानं खाली बसून फक्त बुडाकडे बघायचं. काँक्रीट आणि माती यांच्यामध्ये बोटभर फट उघड-मीट करताना दिसली, तर त्या खांबाचा पाया खणून मुरुमापर्यंत नेल्याशिवाय गत्यंतर नाही. ओळंबाही सोडून बघा. खांबाच्या बुडाशी बोल्टनं आवळलेली लोखंडी बेस प्लेट असेल तर नट पान्यानं तपासा.

गोठ्यात खांबाचा वीतभर तळ गोमूत्रानं खाल्लेला असतो. वरचा रंग शाबूत दिसतो, म्हणून हातोडीनं ठोकून बघा. चांगला पाईप खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो.

स्क्रूच्या बाबतीत सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे गळती दिसली की एम-सील किंवा डांबर थापणं. पाणी थांबतं, पकड येत नाही. वाऱ्यानं पत्रा थरथरून स्क्रूभोवतीचं भोक लांबट झालेलं असतं, वॉशर कडक होऊन चिरलेला असतो. स्क्रू बोटांनी फिरला तर तो गेला समजा. जाड स्क्रू नव्या रबरी वॉशरसह बसवा, किंवा शेजारी नवं भोक पाडून जुनं बुजवा. वॉशर चेपून बाहेर येईल इतकं मात्र आवळू नका. कडेच्या आणि कोपऱ्यातल्या पत्र्यांवर वारा सर्वाधिक जोर लावतो, तिथे स्क्रू जवळजवळ घ्या.

गारांचे पोचे बघायला भर उन्हात शेडखाली उभं राहा. बारीक भोकंसुद्धा उजेडानं कळतात. भोक नसलं तरी पोच्यावर रंग-जस्त तडकलेलं असतं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. आत्ताच टचअप करा.

हात लावण्याआधी फोटो काढून ठेवा. पंचनामा झाल्याशिवाय पत्रे हलवू नका. गाडीला फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर गारांचं नुकसान त्यात बसत नाही.

वेल्डिंग असेल तर शेजारची कडब्याची गंजी आधी हलवा किंवा सुटा पार्ट लांब नेऊन जोडून आणा. ठिणगी कडब्यात तासन्‌तास धुमसते आणि पेट घेते तेव्हा वेल्डर गावी पोचलेला असतो. जोडावरचं जस्त जळून जातं, म्हणून थंड झाल्यावर घासून त्याच दिवशी झिंकचं प्रायमर मारून घ्या.