राखाडी फिनिशच्या रायफलला मेटल पॉलिश लावू नका
घरातल्या जुन्या लायसन्सवाल्या रायफलचा रिसीव्हर (ट्रिगरच्या वरचा, आत यंत्रणा असलेला धातूचा भाग) काळा-निळा नसून राखाडी असेल, वर वेलबुट्टीची नक्षी, तर ते बहुतेक फ्रेंच ग्रे फिनिश, म्हणजे सौम्य अ‍ॅसिडने मॅट केलेलं जवळजवळ उघडंच स्टील, ब्ल्यूइंगइतकंही (म्हणजे स्टीलवरच्या त्या नेहमीच्या काळ्या-निळ्या थराइतकंही) संरक्षण नाही त्याला, त्यामुळे पुण्याच्या पावसाळ्यात घामट बोटाचा ठसासुद्धा तांबूस गंज होऊन उमटतो. प्लीज पितळेचं पॉलिश मारू नका, राखाडी रंग जाऊन चकचकीत डाग पडतो आणि नक्षीच्या कडा झिजतात, त्या परत येत नाहीत. आधी बंदूक रिकामी आहे ना बघा, मग सुती कपड्याने पुसून मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा (अतिबारीक कणांचं मेण) अगदी पातळ हात द्या, खाचांत साचलेलं मऊ ब्रशने काढा. आणि चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवू नका हो, चामडं ओल धरतं.