डीएसएलआर की टफ कॅमेरा: आधी कॅमेरा कुठे जाणार ते सांगा

मी जुन्या नाशकात कॅमेरे साफ करते, दुरुस्त करते. विकत नाही. मृग जवळ आला की लोक विचारायला येतात, "ताई, सुरुवातीचा डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घेऊ की तो पाण्यात चालणारा छोटा, म्हणजे टफ कॅमेरा?" मी त्यांना एकच विचारते. ज्या फोटोसाठी जीव तुटतोय, तो फोटो काढताना कॅमेरा कुठे असेल? पाण्यात, चिखलात, खडकावर घासत? की कोरड्या जागी, पण लांबच्या पक्ष्यावर किंवा अंधारातल्या चेहऱ्यावर रोखलेला? या प्रश्नाचं खरं उत्तर आलं, तर निवड तिथेच निम्मी होते. "दोन्हीकडे नेईन" म्हणणाऱ्यांना मी मागच्या वर्षाचे फोनमधले फोटो चाळायला लावते. आपण खरोखर कुठे जातो ते तिथे दिसतं.

आता फरक कशात आहे ते बघू. कॅनन १५००डीसारख्या डीएसएलआरचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी आतली चकती, साधारण २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा असतो. टफ कॅमेऱ्यांपैकी ऑलिम्पस टीजी-६ किंवा त्यानंतर २०२३ मध्ये ओएम सिस्टिम नावाने आलेला टीजी-७, यांचा सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. म्हणजे क्षेत्रफळात जवळजवळ बारापट फरक. मेगापिक्सेलचे आकडे बाजूला ठेवा, हा आकडा लक्षात ठेवा. संध्याकाळी रामकुंडावर गोदाआरतीला उभे राहिलात की तो डोळ्यांना दिसतो. दिव्यांच्या उजेडातले चेहरे डीएसएलआरवर आयएसओ (उजेड कमी असताना वाढवायचा आकडा) १६०० किंवा ३२०० ला नीट येतात. टफ कॅमेऱ्यात ८०० च्या पुढे कातडीचा पोत पुसट व्हायला लागतो आणि सावल्यांत दाणे दिसतात. टीजी-६ च्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. झूम न करता त्याची लेन्स एफ/२ इतकी उघडते आणि डीएसएलआरसोबत येणारी १८-५५ मिमीची किट लेन्स फक्त एफ/३.५. एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त. त्यामुळे रुंद फोटोत दोघांतला फरक थोडा कमी होतो. पण त्याच डीएसएलआरवर ५० मिमी एफ/१.८ ची छोटी लेन्स लावली की टफ कॅमेरा मागे पडतो. घरातली लग्नं, हळद, बारसं, संध्याकाळचा गंगाघाट हे तुमचं मुख्य काम असेल, तर डीएसएलआर घ्या आणि पुढच्या पैशांत ती ५० ची लेन्स.

पक्ष्यांबाबत मी जरा कडकच बोलते. नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात एकदा गेलं की अनेकांना कॅमेऱ्याची ओढ लागते आणि ती लागावीच. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ म्हणजे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पण तिथे चक्रवाक, पट्टकदंब, थापट्या हे सगळे पक्षी निरीक्षणाच्या मनोऱ्यापासून लांब पाण्यात असतात. डीएसएलआरसोबतच्या १८-५५ चा पल्ला फुल फ्रेमच्या (जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबात ८८ मिमीच्या आसपास येतो. टीजी-६ चा १०० मिमी. म्हणजे नुसत्या किट लेन्सचा डीएसएलआर घेऊन चापडगावला, म्हणजे याच पाणथळावर, गेलात, तर खिशातल्या टफ कॅमेऱ्याइतकाही पक्षी जवळ येणार नाही. पक्ष्यांसाठी डीएसएलआर घ्यायचा तर पहिल्या दिवसापासून लांब लेन्स बजेटमध्ये धरा. कॅननवर ५५-२५० (हिशेबाने ४०० मिमी), निकॉनवर ७०-३०० (४५० मिमी). लेन्ससाठी पैसे उरत नसतील, तर बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) जुनी घ्या, पण लेन्स सोडू नका. आणि नुसतं बघायचंच असेल की आपल्याला हे जमेल का, तर लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडून एका दिवसासाठी भाड्याने घ्या आणि पहाटे जाऊन या. टफ कॅमेऱ्याने पक्षी काढण्याच्या भानगडीत पडू नका. डिजिटल झूम फक्त ठिपका मोठा करतं.

आता पाणी. आषाढात पहिने, दुगारवाडी, भावली धरणाच्या परिसरात पाऊस कसा येतो ते नाशिककरांना सांगायला नको. वरून धार, खालून तुषार आणि मधे धुकं. सुरुवातीच्या किमतीच्या डीएसएलआरना पाण्यापासून संरक्षण देणारं सीलिंग नसतं. बटणांच्या कडा, बॅटरीचं झाकण, लेन्सची पुढे-मागे सरकणारी नळी, कुठूनही ओल आत जाते. प्लास्टिकची पिशवी गुंडाळून काम चालतं, पण पिशवी सांभाळता सांभाळता फोटो काढायचा राहतो, हे मी पुष्कळ जणांकडून ऐकलं आहे. हरिहर किल्ल्याच्या कातळपायऱ्या चढताना दोन्ही हात खोबणीत लागतात. गळ्यातला पाऊण किलोचा कॅमेरा पुढे झोके घेतो आणि कातळावर आपटतो. १५००डी आणि १८-५५ मिळून वजन पावणेसातशे ग्रॅमच्या घरात जातं, टीजी-६ अडीचशे ग्रॅमचा. तो १५ मीटर पाण्यात चालतो आणि २.१ मीटरवरून पडण्याच्या चाचणीत टिकतो असं कंपनी सांगते. ट्रेकला त्याचा खरा फायदा एवढाच की तो हातात राहतो, बॅगेत जात नाही.

रंगपंचमीच्या रहाडीसाठी, म्हणजे जुन्या नाशकातल्या रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदासाठी, तर दुसरा पर्याय मला दिसतच नाही. तिवंधा चौकात किंवा शनि चौकात काठावर उभं राहिलं तरी धप्पा मारणाऱ्याच्या, म्हणजे रहाडीत झेपावणाऱ्याच्या, उडीने रंगाचं पाणी अंगभर येतं. टफ कॅमेरा तिथे बिनधास्त न्या, पण काठावरून किंवा आत उतरून काढा. हातात धरून उडी मारू नका. खोली सहन करणं वेगळं आणि पाण्यावर आदळणं वेगळं, आदळताना झाकणावर एकदम दाब येतो. आणखी एक, हे कॅमेरे पाण्यावर तरंगत नाहीत. रहाडीच्या रंगीत पाण्यात हातातून सुटला तर तळ दिसत नाही. तरंगणारा मनगटी पट्टा वेगळा मिळतो, तो कॅमेऱ्याबरोबरच घ्या. घरी आल्यावर साध्या पाण्याच्या भांड्यात थोडा वेळ बुडवून ठेवा, मग मऊ कापडाने पुसा. तारकर्लीला समुद्रात नेलात तरी हेच करा, कारण मीठ वाळलं की बटणं अडकतात.

द्राक्षबागेत काम करणाऱ्यांना मी न विचारता टफ कॅमेरा सांगते. दिंडोरी, पिंपळगाव बसवंतकडून सल्लागार येतात, शेतकरी येतात. त्यांना पानाच्या मागच्या बाजूचे फुलकिडे, घडातला मिलीबग, भुरी रोगाची सुरुवात दाखवायची असते. टीजी-६ आणि टीजी-७ मध्ये मायक्रोस्कोप मोड आहे. लेन्सपासून १ सेंटिमीटरवरची वस्तू फोकस होते. १८-५५ किट लेन्सला साधारण २५ सेंटिमीटर अंतर लागतं, एवढ्या जवळ जायचं तर वेगळी मॅक्रो लेन्स घ्यावी लागते. शिवाय लहान सेन्सरमुळे इतक्या जवळूनही पानाचा बराचसा भाग धारदार राहतो. सेन्सर लहान असण्याचा हा खरा फायदा आहे. एलजी-१ नावाची एक प्लास्टिकची कडी पुढे बसते. ती कॅमेऱ्याच्या स्वतःच्या एलईडीचा उजेड लेन्सभोवती गोल फिरवते, मग वेलाच्या सावलीतही कीड स्पष्ट येते. जीपीएस असल्याने कोणत्या प्लॉटचा फोटो हेही त्यात नोंदलं जातं. फवारणीच्या हातांनी धरला तरी नळाखाली धुता येतो. या कामासाठी मला यापेक्षा योग्य वस्तू माहीत नाही.

मग फोन का नको? हा प्रश्न रास्त आहे. आजच्या चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर टफ कॅमेऱ्यापेक्षा मोठाही असतो आणि साध्या उजेडात फोटो फोनचाच सरस येऊ शकतो. पण फोनवर लिहिलेल्या आयपी६८ ची (पाणी-धूळ रोखण्याच्या दर्जाची) चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात होते आणि पाणी शिरलं तर ते सहसा वॉरंटीत धरत नाहीत. ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही, टफ कॅमेऱ्याचं बटण हातमोज्यातूनही दाबता येतं. तुम्ही वर्षातून एकदा धबधब्याला जाणार असाल तर फोनला पाण्याची पिशवी घ्या आणि पैसे वाचवा. दर आठवड्याला डोंगरात किंवा रोज बागेत असाल तरच टफ कॅमेरा घ्या.

आता माझ्या टेबलावरचं. टफ कॅमेरा टिकतो तो झाकणाच्या रबरी सीलवर. एक केस, वाळूचा एक कण त्या सीलवर बसला की पाण्याला वाट मिळते. झाकण लावण्याआधी प्रत्येक वेळी सील उजेडात बघा, कोरड्या मऊ कापडाने पुसा. सील वर्षातून एकदा बदलून घ्यावं. झाकण धबधब्यापाशी उघडू नका. बॅटरी आणि कार्ड घरी कोरड्या खोलीत भरा, कारण दमट हवा आत कोंडली गेली की थंड पाण्यात उतरताच लेन्सच्या काचेवर आतून धुकं धरतं. टीजी-६ ची बॅटरी कंपनीच्या हिशेबाने ३४० फोटोंची आहे, तेवढ्यात दिवस निघतो. एकदा पाणी शिरलेला टफ कॅमेरा मी उघडत नाही. उघडून परत बंद केल्यावर दाबाची चाचणी करावी लागते, ती सोय माझ्याकडे नाही. तशी चाचणी न करता "पुन्हा वॉटरप्रूफ करून देतो" म्हणणाऱ्याकडे कॅमेरा देऊ नका.

डीएसएलआरचा शत्रू मात्र घरातच असतो. बुरशी. चार महिने कपाटात चामडी बॅगेत ठेवलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे उगवतात, ते काचेवरचं कोटिंग खातात आणि मग साफ करूनही डाग राहतो. हवा बाहेर ठेवणारा स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जेलचा रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरा. डांबरगोळ्या डब्यात टाकू नका. आणि पावसात भिजलाच, तर चालू होतो का ते बघण्याचा मोह आवरा. लगेच बॅटरी काढा, कार्ड काढा, पुसा आणि घेऊन या. तांदळात पुरू नका, कोंडा आत जातो. २०१५ च्या सिंहस्थात ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात भिजलेले कॅमेरे आले होते. ज्यांनी बॅटरी तिथल्या तिथे काढली, त्यांचे बहुतेक वाचले. २०२७ च्या सिंहस्थातली मुख्य स्नानंही पावसाळ्यातच आहेत. घाटावर डीएसएलआर न्यायचा तर रेन कव्हर आत्ताच बॅगेत टाकून ठेवा.

डीएसएलआर घेताना वापरलेल्याकडे जरूर बघा. कॅनन, निकॉन दोघांचेही नवे मॉडेल आता मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत) येतात. निकॉनचा डी३५०० हा २०१८ चा उत्तम कॅमेरा, बॅटरी १५५० फोटोंची, पण आता कारखान्यातून येत नाही. म्हणून चांगले जुने डीएसएलआर बाजारात आहेत आणि शिकायला ते आजही भरपूर आहेत. लेन्स हातात घेऊन मागून टॉर्च मारा आणि तिरकं बघा, बुरशीचे धागे दिसले तर परत द्या. एफ/१६ ला कोऱ्या आकाशाचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांत दिसते. धूळ निघते, ओरखडा निघत नाही. शटर किती वेळा उघडलं ते निकॉनच्या मूळ फोटोच्या माहितीत सापडतं, कॅननमध्ये बहुधा कॅमेरा कॉम्प्युटरला जोडून सॉफ्टवेअरने बघावं लागतं. या वर्गातल्या शटरचं आयुष्य लाखाच्या आसपास धरतात, त्याच्या जवळ आलेला असेल तर किंमत पाडून मागा. निकॉनमध्ये आणखी एक खाच आहे. डी३५०० आणि डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. स्वस्तात मिळणारी जुनी ५० मिमी एफ/१.८डी त्यांवर बसते, पण फोकस हातानेच करावा लागतो. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेली लेन्स बघा. कॅनन ३०००डी स्वस्त म्हणून दाखवतात. त्याचा लेन्स माउंट (लेन्स बसवायची कडी) प्लास्टिकचा आहे आणि चष्मेवाल्यांसाठी व्ह्यूफाइंडरचा (डोळा लावायच्या खिडकीचा) नंबर जुळवायची सोयही नाही. मी तो सुचवत नाही, थोडे जास्त देऊन १५००डी किंवा २००डी मार्क २ घ्या.

टफ कॅमेरा मात्र वापरलेला घेऊच नका. आधीच्या मालकाने सील कसं सांभाळलं हे बाहेरून कळत नाही. नवा घेताना बिल आणि भारतातली वॉरंटी लेखी घ्या, आणि फोटो पुढे घरी कॉम्प्युटरवर सुधारायचे असतील तर मॉडेलमध्ये रॉ (सुधारायला सोपी पडणारी मूळ फाइल) आहे का ते विचारा. टीजी-६ मध्ये आहे, सगळ्याच टफ कॅमेऱ्यांत नसतं. दुकानात जाताना स्वतःचं मेमरी कार्ड न्या, आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात आणि बाहेर रस्त्यावर दोन्हीकडे फोटो काढा, घरी मोठ्या पडद्यावर बघा आणि मगच पैसे द्या.