‘मी राष्ट्रपती झाले तर…’ हे भाषण कसं तयार करावं

माझी भाची आठवीत आहे. परवा ती वही घेऊन घरी आली. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता ‘मी राष्ट्रपती झाले तर’. वहीत चौदा कामं लिहून तयार होती: नाग नदी स्वच्छ, पेट्रोल स्वस्त, वेगळा विदर्भ, भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त, दहावीला गणित ऐच्छिक, असं बरंच काही. ‘एवढं तर मी करूनच टाकीन ना वो मावशी,’ म्हणाली. त्यातली तेरा कामं राष्ट्रपतींना आपल्या मर्जीनं करता येणारी नव्हती. चौदावं होतं ‘राष्ट्रपती भवनाची बाग लोकांना खुली करीन’, आणि ती बाग तर दरवर्षी खुली होतेच.

तिला हसायची सोय मला नव्हती. सातवीत असताना मी याच विषयावर ठणकावून सांगितलं होतं की, नागपूरचं ऊन बघता पहिल्याच दिवशी उन्हाळ्याची सुट्टी वाढवीन. परीक्षक बाईंनी शांतपणे विचारलं, ‘सही कोणाची लागते?’ मी म्हटलं, माझीच! विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तो निर्णय राज्याचं शिक्षण खातं घेतं, हे मला त्या दिवशी मंचावर उभी असताना कळलं.

म्हणून पहिलं काम लिहिण्याचं नाही. आधी खुर्ची ओळखा. ‘मी पंतप्रधान झालो तर’ हा निबंध नाव बदलून खपवायचा असेल तर पुढचं वाचू नका. संविधानाची मराठी प्रत मिळवा. शाळेच्या वाचनालयात असतेच, नाहीतर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे जे स्टॉल लागतात तिथे घ्या. अख्खं वाचायची गरज नाही. अनुच्छेद ५२ ते ७८ एका दुपारी होतात, वर ८६ आणि १११ बघा.

वाचताना कळेल की राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं तो सल्ला स्पष्टपणे बंधनकारक झाला. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं एवढी मोकळीक दिली की, सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. तोच सल्ला पुन्हा आला की मान्य करावा लागतो. इथे मुलं नाराज होतात, ‘मग तर नुसता रबरी शिक्काच झाला.’ नाही. खरी गंमत इथूनच सुरू होते. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी परत पाठवली आणि सरकारनं ती सोडून दिली. १९८६ मध्ये लोकांची पत्रं उघडून बघण्याचा अधिकार सरकारला देणारं टपालाचं विधेयक ग्यानी झैलसिंग यांच्याकडे गेलं. त्यांनी सहीही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. अनुच्छेद १११ मध्ये सहीला मुदतच घातलेली नाही, म्हणून ते जमलं. भाषणात असा एक दाखला दहा घोषणांना भारी पडतो.

निवडणुकीवर एक वाक्य पुरे, पण ते आपल्या गावचं असू द्या. राष्ट्रपतींना आपण थेट मत देत नाही, निवडून आलेले खासदार आणि आमदार देतात. २०२२ च्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ होतं आणि खासदाराच्या मताचं ७००. नागपूर जिल्ह्यात १२ आमदार. म्हणजे सगळे मिळून २१००, तीन खासदारांएवढे. हा हिशेब भाचीनं स्वतः केला आणि मग दिवसभर घरात सगळ्यांना ऐकवला. वयाची अट ३५ वर्षांची आहे, तेव्हा ‘उद्या राष्ट्रपती झाले तर’ असं म्हणू नका, परीक्षक टोकतात.

आता यादी. एका पानावर तीन रकाने आखा: ‘माझ्या टेबलावर येणारं’, ‘मी विचारू शकते’ आणि ‘माझं काम नाही’. तिसरा रकाना आधी भरा, तो भराभर भरतो. कुत्रे महानगरपालिकेचे, दहावीचं गणित राज्याचं.

वेगळ्या विदर्भापाशी मात्र थांबावं लागतं. अनुच्छेद ३ प्रमाणे नव्या राज्याचं विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय संसदेत मांडताच येत नाही, आणि त्याआधी राष्ट्रपती ते संबंधित विधिमंडळाकडे मत मागायला पाठवतात. पण ती शिफारसही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच. म्हणजे कागद टेबलावर येतो, पण आपणहून आणता येत नाही. नागपूरच्या सभागृहात बोलताना हा बारकावा सांगितलात तर मागच्या रांगेतले पालकही मोबाईल खाली ठेवतील. सोबत अनुच्छेद ३७१ बघा. विदर्भासह तीन भागांच्या विकास मंडळांसाठी महाराष्ट्राच्या राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकण्याचा अधिकार त्यात राष्ट्रपतींना आहे. तसा आदेश १९९४ मध्ये निघाला होता, आणि मंडळांची मुदत २०२० च्या एप्रिलमध्ये संपली.

यानंतरही यादी लांबच राहते, म्हणून मी ३५ दिवसांची एक चाळणी लावते. न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला आपल्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले आणि पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. १९६९ मध्ये ते भारताचे सरन्यायाधीश होते. राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं निधन झालेलं, आणि त्यांच्या जागी काम पाहणारे उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी निवडणूक लढवायला पायउतार झाले. तेव्हा २० जुलै ते २४ ऑगस्ट असे ३५ दिवस हिदायतुल्ला कार्यवाहू राष्ट्रपती होते. आता आपल्या यादीतल्या प्रत्येक कामापुढे विचारा: मला ३५ दिवसच मिळाले तर हे निदान सुरू तरी होईल का? नाही म्हटलं की खोडा. तीनच उरू द्या. पाच मिनिटांच्या भाषणात चौथं काम श्रोत्यांच्या लक्षात राहत नाही, हा माझा अनुभव.

भाचीची तीन अशी उरली. पहिलं, दयेचे अर्ज. अनुच्छेद ७२ प्रमाणे ते राष्ट्रपतींकडे येतात. निर्णय मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं होत असला तरी अर्ज वर्षानुवर्षं पडून राहणं हा फाशीच्या कैद्यावर अन्याय आहे, आणि अवाजवी विलंब झाला तर फाशीची जन्मठेप होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये म्हटलं. तेव्हा पहिल्या आठवड्यात सगळे अर्ज तारीखवार मागवायचे. दुसरं, पाचव्या अनुसूचीत राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रांच्या, म्हणजे आदिवासीबहुल भागांच्या, कारभाराचा अहवाल राष्ट्रपतींना दरवर्षी, आणि मागितला तर केव्हाही, द्यायचा असतो. गडचिरोलीचा बराच भाग आणि मेळघाट त्यात येतात. तो मागायचा आणि खरंच वाचायचा. तिसरं मला सुचलं नव्हतं. नाग नदीचा प्रकल्प केंद्राच्या राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेत आहे. अनुच्छेद ७८ प्रमाणे केंद्राच्या कारभाराची माहिती राष्ट्रपती पंतप्रधानांकडे मागू शकतात. म्हणजे नदी साफ करता येत नसली तरी ‘काम कुठवर आलं?’ असं विचारता येतं. चौदातली तिची पहिली आवडती नदी अशी मागच्या दारानं परत आली.

मांडणी तारखांवर बांधा. १९७७ पासून नवे राष्ट्रपती २५ जुलैला शपथ घेतात, ती सरन्यायाधीश देतात. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी, १४ ऑगस्टला, राष्ट्राला उद्देशून पहिलं भाषण. मध्ये वीसच दिवस. शपथेनं सुरुवात, मधल्या दिवसांत तीन कामं, आणि शेवट त्या संध्याकाळच्या भाषणातल्या दोन ओळींनी. ‘माझ्या स्वप्नातला भारत’ वगैरे गाळा.

पाठ करताना घड्याळ लावा आणि कूलर बंद करा. कूलरच्या घरघरीत आपण नकळत ओरडून बोलायला लागतो आणि माइकसमोर तीच सवय नडते. अनुच्छेदांचे आकडे तीनच्या वर तोंडाने म्हणू नका, बाकीचे प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवा.

भाचीचं भाषण चार मिनिटं चाळीस सेकंदांत बसलं. उरलेल्या वीस सेकंदांत कुत्र्यांचं घालू का, असं तिनं विचारलं. म्हटलं, घाल, पण ‘मी महापौर झाले तर’ या भाषणात.