परदेशी मशीनचा बोल्ट शोधताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छेत किंवा निपाणी-संकेश्वरकडच्या एखाद्या शेडमध्ये जुनं परदेशी मशीन अडून बसलं की पुष्कळदा मोटार ठीक असते, गिअर ठीक असतात, अडलेलं असतं एका बोल्टावाचून. दुकानातून आणलेला नवा बोल्ट दोन आटे आत जातो आणि थांबतो. मग कुणीतरी पान्याला पाइप लावतो.

सगळ्यात मोठी चूक हीच. बोल्ट पुन्हा मिळेल, पण ज्या भोकात तो बसतो ते कास्टिंग तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं असतं आणि ते बनवणारी कंपनी बऱ्याचदा बंदही झालेली असते. बोल्ट बोटांनी फिरवून निदान आपल्या व्यासाइतका आत गेला पाहिजे. अडला तर काढा, भोक डिझेल आणि तारेच्या ब्रशने साफ करा, पुन्हा लावून बघा. तरीही अडला तर माप चुकलंय. 'टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मारून मोठं करू' हा सल्ला कुणी दिला, तर सगळे उपाय संपेपर्यंत तो ऐकू नका. एकदा टॅप फिरला की मूळ आटा परत येत नाही.

दुसरी चूक फक्त जाडी मोजण्याची. एम ८, म्हणजे ८ मिलिमीटरचा बोल्ट, आणि ५/१६ इंच, म्हणजे आपल्या दुकानांतलं 'अडीच सूत', यांच्यात व्हर्निअर (जाडी मोजायची जबडेवाली पट्टी) फसवतो. ५/१६ म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आणि नवा एम ८ सुद्धा मोजला तर आठच्या जरा खालीच भरतो. दोन्ही बोल्ट हातात घेतले तरी नजरेला कळत नाही. म्हणून दहा आट्यांचं अंतर मोजा: एका माथ्यावर व्हर्निअरचा जबडा ठेवा, तिथून दहा आटे सोडून अकराव्या माथ्यावर दुसरा. १२.५ मिलिमीटर आलं तर एम ८, कारण त्याचा पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर, १.२५ मिलिमीटर. १४.१ आलं तर ५/१६, इंचाला १८ आटे. जुना बोल्ट ताणलेला असेल तर टोकाकडचे आटे मोजा, तिथे ताण कमी आलेला असतो. पिच गेज, म्हणजे आट्यांवर लावून पिच ओळखायच्या दातेरी पट्ट्या, महाग नसतो, मेंटेनन्सवाल्याच्या खिशात तो असायलाच हवा.

जपानी मशीनवर वेगळाच घोळ होतो. 'एम १० द्या' म्हटलं की आपल्याकडे १.५ पिचचा बोल्ट मिळतो. जपानी मशीनवर आणि गाड्यांवर एम १० पुष्कळदा १.२५ पिचचा असतो. जाडी तीच, डोकं जवळपास तेच, म्हणून कुणाला शंका येत नाही. चिठ्ठीवर नेहमी पिचसकट लिहा: एम १० गुणिले १.२५.

शिलाई मशीनचं तर स्वतंत्र जग आहे. जुकीसारख्या जपानी मशीनवर ९/६४ इंच ४० आटे, ११/६४ इंच ४० आटे असे स्क्रू असतात. ते हार्डवेअरच्या दुकानात शोधू नका, शिलाई मशीनच्या स्पेअर पार्टवाल्याकडेच जा. ११/६४ च्या जागी एम ४ घातला तर तो ढिला बसतो, आणि आवळायला गेलं की पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या भागातले आटे सोलून निघतात.

जुन्या ब्रिटिश मशीनवर व्हिटवर्थ आटा असतो, आट्याच्या खाचेचा कोन ५५ अंशांचा, १८४१ पासून चालत आलेला. अमेरिकी युनिफाइड ६० अंशांचा, त्याबद्दलचा करार ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांच्यात १९४८ मध्ये झाला. पाव इंच, ५/१६ आणि ३/८ या जाडींना व्हिटवर्थ आणि यूएनसी (युनिफाइडचा जाड आटा) यांचे इंचातले आटे सारखेच आहेत, त्यामुळे एक दुसऱ्यात चढतो. कव्हरसाठी चालून जाईल, भार घेणाऱ्या जागी नको. अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३ आटे, तिथे चढवायला गेलात तर अडकणारच.

हायड्रॉलिक फिटिंगच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त भीती बाळगतो. अर्ध्या इंचाचा बीएसपी (ब्रिटिश पाइपचा आटा) आणि एनपीटी (अमेरिकी पाइपचा आटा), दोघांनाही इंचाला १४ आटे, पण कोन ५५ आणि ६०. काही फेरे छान चढतात, टेप गुंडाळली की घट्टही वाटतात आणि प्रेशर आल्यावर गळायला लागतात. पाव इंचाला बीएसपी १९ आणि एनपीटी १८. शंका असेल तिथे टेपचे थर वाढवू नका, फिटिंग बदला. दाबाखालची तेलाची बारीक धार कातडीतून आत शिरते, आणि त्या जखमेला डॉक्टरकडे ताबडतोब न्यावं लागतं.

बोल्टच्या डोक्यावरचा आकडा, म्हणजे त्याच्या ताकदीची ग्रेड, न बघणं हीसुद्धा चूक. १०.९ च्या जागी चकचकीत स्टेनलेस घालणारे मी पाहिलेत. स्टेनलेसवर ए२-७० लिहिलेलं असेल तर त्याची ताण सोसायची ताकद ७०० मेगापास्कल, १०.९ म्हणजे हजारच्या पुढे. अमेरिकी बोल्टवर आकड्याऐवजी रेघा असतात: तीन रेघा ग्रेड ५, सहा रेघा ग्रेड ८.

कुठेच मिळाला नाही तर लेथवर करून घ्या, उद्यमबागेत कसलेले टर्नर आहेत. एमएसच्या (साध्या मऊ पोलादाच्या) सळईतून करू नका. मोठ्या मापाचा, लांब बिनआट्याच्या दांडीचा, १२.९ ग्रेडचा ॲलन बोल्ट द्या आणि कार्बाइड टूलने उतरवून घ्या. मिलिमीटर लीडस्क्रूच्या (टूल पुढे सरकवणाऱ्या लांब स्क्रूच्या) लेथवर इंची आटा काढायचा असेल तर अचूक पिचसाठी १२७ दातांचं गिअर लागतं, आणि आटा पुरा होईपर्यंत हाफ-नट (लीडस्क्रूला पकडणारा नट) उघडायचा नाही, मोटार उलटी फिरवून मागे यायचं. हे आधीच विचारून घ्या. असा कापलेला आटा कारखान्यात दाबून रोल केलेल्या आट्याइतका थकवा (पुन्हा पुन्हा येणारा ताण) सोसत नाही, म्हणून भार उचलणाऱ्या जागी तो लावू नका. लावायच्या जागी एक, जोडीला दोन जास्त करून घ्या आणि पिशवीवर माप, पिच, ग्रेड लिहून मशीनच्या पॅनेलमध्येच ठेवा.