लाकडावरचा पूल हीटर घरी बांधताना: आधी पाण्याची वाट, मग जाळ

पाचगणी, वाई, बामणोलीकडच्या शेतघरांसमोर आता छोटे पूल दिसतात, आणि डिसेंबर-जानेवारीत त्यात पाय घालवत नाही. यावरचा घरगुती उपाय म्हणजे २०० लिटरचं लोखंडी बॅरल, त्यात तांब्याच्या नळीची कॉईल (वेटोळं), कॉईलखाली बॅरलच्या आतच जाळ आणि पूलचं पाणी कॉईलमधून फिरवणारा छोटा पंप. हे नीट चालतं. फक्त एक गोष्ट कायम सांभाळावी लागते: जाळ पेटलेला असताना कॉईलमधलं पाणी थांबता कामा नये आणि कोंडता कामा नये.

जुना तांब्याचा बंब डोळ्यासमोर आणा. नरसाळ्यात गार तांब्या ओतला की तेवढंच कढत पाणी दुसऱ्या तोंडातून बाहेर पडायचं. त्या बाहेरच्या वाटेवर अडसर नव्हता, म्हणून पाणी उकळलं तरी वाफ मोकळी व्हायची. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १,६०० पट जागा लागते. ती वाट बंद असेल तर नळी फाटते, आणि समोर जळण घालणारा माणूस असतो.

आधी हिशोब

५ मीटर लांब, ३.३ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल पूलात साधारण २०,००० लिटर पाणी मावतं. ते २० अंशांवरून २८ वर न्यायला १,६०,००० किलोकॅलरी उष्णता लागते. वाळक्या लाकडाच्या किलोला सुमारे ३,५०० किलोकॅलरी मिळतात, पण घरगुती बॅरलमध्ये त्यातल्या तिसऱ्या हिश्शाहून थोड्याच जास्त पाण्यात उतरतात. म्हणजे १२० किलो लाकूड लागेल. तासाला १५ किलो जाळलं तर आठ तास, आणि वाऱ्याने पाणी निवतं ते वेगळं. पूलवर बबल कव्हर (पाण्यावर तरंगणारं, हवेच्या फुग्यांचं प्लास्टिक) घातलं तर बरंच जळण वाचतं. मात्र कोणी पाण्यात उतरण्याआधी ते पूर्ण काढा. अर्धवट गुंडाळलेल्या कव्हरखाली अडकलेलं मूल वरून दिसत नाही.

आठ तास जाळाशी माणूस बसणार नसेल तर हे काम हाती घेऊ नका. गुऱ्हाळात चुलवाण सोडून कोणी जात नाही, इथेही तेच.

पायरी १: जागा

बॅरल पूलपासून किमान ३ मीटर आणि छप्पर, गवताची गंजी, पाचट यांपासून किमान ६ मीटर लांब, मोकळ्या हवेत ठेवा. भोवती दीड मीटर गवत खरवडून मुरूम पसरा. बॅरलखाली भट्टीच्या विटांचे दोन थर आणि बॅरलच्या तळात दोन इंच वाळू. चिमणीच्या तोंडावर बारीक जाळी हवीच. फेब्रुवारीनंतर साताऱ्याच्या डोंगरांवर वणव्याला एक ठिणगी पुरते. वारा लागतो म्हणून पत्र्याची बंद खोली बांधू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो.

पायरी २: बॅरल आणि कॉईल

थिनर, ऑइल, केमिकल भरलेलं बॅरल घेऊ नका. रिकामं दिसलं तरी आत वाफ उरलेली असते, आणि ग्राइंडर किंवा गॅस कटर लावताच ते फुटतं. आधी काय भरलं होतं ते खात्रीने माहीत असलेलंच बॅरल घ्या. पहिला जाळ नुसता रंग जाळायला, माणसांना लांब ठेवून करा.

कॉईलसाठी पाऊण इंची मऊ तांब्याची नळी, १५ मीटर अखंड. ४० सेंटीमीटर व्यासाचे साधारण बारा वेढे होतात. जोड जाळाच्या बाहेर आणि ब्रेझिंगचा, म्हणजे जास्त उष्णतेवर वितळणाऱ्या धातूने डाक दिलेला. साधं कथील भट्टीत वितळून जातं. जीआय पाइप स्वस्त पडतो म्हणून जाळात घालू नका, त्यावरचं जस्त तापून निघणाऱ्या धुराने थंडी वाजून ताप भरतो.

पाणी खालून आत, वरून बाहेर. नळी सलग चढती ठेवा. मध्ये खोलगट भाग राहिला की त्याच्या अलीकडच्या उंचवट्यावर हवा साचते, प्रवाह अडतो आणि तिथेच नळी लाल होते. वेढे पूर्ण झाल्यावर हातपंपाने ५ किलो दाब देऊन अर्धा तास ठेवा. काटा उतरला तर गळती आहे.

पायरी ३: परतीची वाट

इथे घाई नको. कॉईलमधून पूलकडे जाणाऱ्या नळीवर व्हॉल्व्ह बसवू नका. प्लंबर सवयीने बसवतो, त्याला आधीच सांगा. प्रवाह कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह पंपाच्या बाजूला, कॉईलच्या आधी, आणि त्याचं हँडल काढून ठेवा. कॉईलमधून बाहेर पडताच सर्वांत उंच ठिकाणी टी लावून २ मीटर उभी उघडी नळी न्या. तिचं तोंड माणसांकडे नको.

बॅरलपासून पहिले ३ मीटर धातूचीच नळी, पुढे सीपीव्हीसी. साधी पीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडून वाकते.

परतीची नळी पूलच्या पाण्यात बुडवू नका, पृष्ठभागाच्या वीतभर वर सोडा. लांबूनही धार दिसते. धार बारीक झाली, फुसफुसायला लागली किंवा थबकून थबकून यायला लागली की कॉईलमध्ये वाफ होतेय; जाळ तिथल्या तिथे ओढा.

पायरी ४: प्रवाह मोजणं

प्रत्येक वेळी पेटवण्याआधी २० लिटरची बादली धारेखाली धरा. ४८ सेकंदांत भरली तर तासाला १,५०० लिटर पाणी फिरतंय, आणि तासाला १५ किलो लाकडाच्या जाळाने ते सुमारे १३ अंश तापून बाहेर पडेल. फिल्टरमध्ये पाला अडकून प्रवाह ३०० लिटरवर आला तर तेच पाणी जवळजवळ ६५ अंश वर जातं. २२ चं ८७ झालं. पाचगणीच्या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे हातात काहीच उरत नाही. म्हणून परतीच्या नळीवर डायलचा थर्मामीटर लावा. काटा ५० वर गेला की जळण थांबवा. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत खोल भाजतं, तेव्हा जाळ चालू असताना पोरांना पाण्यात सोडू नका.

पंपाला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा, एवढं इलेक्ट्रिशियनला सांगितलं की पुरे.

लाईट गेली तर

ही वेळ येणारच आहे, हे धरूनच बांधणी करा. निखाऱ्यांचा ट्रे ओढता येईल असा ठेवा आणि शेजारी वाळूचा खड्डा. लाईट गेली की ट्रे ओढून खड्ड्यात उलटा, वर वाळू टाका. बॅरलमध्ये पाणी ओतू नका, वाफेचा लोट तोंडावर येतो. लाईट लगेच आली तरी पंप चालू करू नका: कोरड्या, तापलेल्या कॉईलमध्ये गार पाणी शिरलं की क्षणात वाफ होते. किमान एक तास निवू द्या. इन्व्हर्टर ठेवणार असाल तर त्यावर पंप प्रत्यक्ष सुरू करून बघा. अर्ध्या एचपीचा पंपही सुरू होताना मोठा करंट खेचतो आणि छोटा इन्व्हर्टर तिथेच बसतो. पूल बॅरलपेक्षा उंच असला तरी पाणी आपोआप फिरेल यावर भिस्त ठेवू नका; परतीच्या नळीचं तोंड पाण्याच्या वर आहे आणि नळी पाऊण इंची.

जळण आणि पाणी

बाभूळ, निलगिरी, सहा महिने वाळलेली. तासगावकडे द्राक्षाच्या छाटणीची काडी मुबलक असते, पण ती भडकन पेटते आणि उष्णता एकदम चढते; थोडी थोडीच घाला. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक नको.

पूलच्या पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ ठेवा. त्याखाली आम्लधर्मी पाणी तांबं खातं आणि नळी आतून पातळ होते. क्लोरीनची पावडर किंवा गोळ्या जाळापासून लांब, कोरड्या जागी. त्या आग भडकवतात. जत-आटपाडीकडचं बोअरचं जड पाणी असेल तर कॉईलमध्ये क्षार बसून वाट अरुंद होते. बादली ४८ ऐवजी ७० सेकंदांत भरायला लागली आणि फिल्टर स्वच्छ असेल, तर कॉईल सायट्रिक आम्लाच्या पाण्याने धुवायची वेळ झाली.

भाजलंच तर लगेच २० मिनिटं वाहतं गार पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. फोड मोठे असतील किंवा तोंड-हात भाजले असतील तर १०८ ला फोन करा.

राख दुसऱ्या दिवशी काढा, झाकणाच्या लोखंडी बादलीत, आणि ती बादली ओट्यावर किंवा गोठ्यात ठेवू नका. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दोन दिवसही जिवंत राहतो.